माझ्या नातीची टेस्ट झाली नाही

मंडळी, सकाळपासून जीव जळतो आहे, म्हणून लिहितो.

आमच्या बूढापारा मोहल्ल्यातले माझे शेजारी वामनराव यांनी नातवाला पुरळ आलं म्हणून अ‍ॅलर्जीची महागडी टेस्ट केली. आता रंगीत रिपोर्ट साऱ्या गल्लीला दाखवतात. काल मला म्हणाले, "तुमच्या पोट्टीलेही येते ना पुरळ? काहून नाही करून राहिले टेस्ट?"

आज माझ्या चिनूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फक्त पुरळ कधी येतं ते विचारलं.

चिनू म्हणाली, "दादाजी भरता खिलाते हैं, तब."

बाई हसल्या. "काका, वांगं बंद करून बघा. टेस्टमध्ये ती रोज पचवते त्या पदार्थांचीही नावं उगाच येतील. श्वास लागला तर मात्र लगेच आणा."

दाखवायला काहीच न घेता घरी आलो.

दुपारी वामनरावांचा नातू आला. आमच्याकडे नेहमी पोळ्या खाणारा तो पोरगा चिनूच्या ताटाकडे बघत म्हणाला, "मेरा तो रोटी, दूध सब बंद है."

मी पोळी पुढे केली नाही. त्या रिपोर्टाची मलाही भीती वाटते.

चिनू वांगं सोडून सगळं खाते आहे. तरी तो रंगीत कागद डोळ्यासमोरून हलत नाही. टेस्ट न करता आलो, हे बरंच केलं ना मी?