एसी मी बंद केला

नवऱ्याची नोकरी गेली आणि तो माझ्या व्हिसावर आला. रोज सीव्ही पाठवायचा, उत्तर कुठूनच नाही. एक दिवस बेडरूमच्या कोपऱ्यात, एसीच्या झोतात, ओला टॉवेल गुंडाळलेली झाकणाची बादली दिसली.

"हे काय?"

"बिअर. अगदी माइल्ड. माल्ट, साखर, यीस्ट."

"शारजात? इथे दारूला पूर्ण बंदी, अक्कल गहाण टाकलीस का? पकडलं तर तिघंही सामानासकट पुण्यात!"

"एकदाच करू दे ना. काहीतरी जमतंय असं वाटतंय."

भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. असं मी क्वचितच करते.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बादलीला लागतात जेमतेम वीस. दिवसभर टॉवेल भिजवणं, बर्फाच्या बाटल्या बदलणं, वहीत टिपणं. "बाबा, इट्स बबलिंग!" म्हणून लेक ओरडली, त्या दिवशी तो चक्क दाढी करून बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? रोज दाराची बेल वाजली की आधी बेडरूमचं दार ओढून घ्यायचे, तेही खरं.

ईदच्या सुट्टीत दोन दिवस अबुधाबीला बहिणीकडे गेलो. तो आणि लेक खाली गाडीत, "यल्ला, यल्ला" म्हणत त्यांची घाई चाललेली. मी शेवटी निघाले. गॅस, नळ, दिवे, एसी, सगळं बंद. घर सोडताना काही चालू ठेवायचं नाही, ही आईची शिस्त. हात आपोआप फिरतो.

परत येऊन दार उघडलं तर आंबूस वासाचा भपकारा. झाकण उडालेलं, फरशीभर फेस. त्याने चमचाभर चाखून थुंकलं आणि तो तिथेच भिंतीला टेकून बसला.

"हेही नाही जमलं," तो म्हणाला.

एसीकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी गप्प बसले असते तर ती ब्याद परस्पर टळली असती. पण त्याचा चेहरा बघवेना.

"एसी मी बंद केला होता. जाताना. सवयीने."

आता हा ओरडणार, म्हणून मी वाट बघत राहिले.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही रे."

"टॉवेल, बर्फ, माप... सगळं बरोबर होतं?"

"सगळं बरोबर होतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

तो हमसून रडला. नोकरी गेल्यापासून हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.