सुभेदारांचा पाच मिलीचा कीबोर्ड

आधी बाबूमामांचं नाव घेतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत ते लेझर कटिंगचं मशीन चालवतात. माझं वाटोळं त्यांनीच केलं आणि निस्तरलंही त्यांनीच.

मी जतचा. नववीत शाळा सोडली आणि इकडं कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात लागलो. एक दिवस एक रिटायर्ड सुभेदार आले. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलेलं. त्यांना फौजेतल्या आठवणी लिहायच्या होत्या.

"माझ्या हातापरमानं कीबोर्ड करून द्या."

"आमचा पोरगा करतोय की!" आमचे मालक अण्णा म्हणाले. पोरग्यानं, म्हणजे मी, तोवर कीबोर्ड फक्त झटकले होते. सुभेदार गेल्यावर अण्णा माझ्याकडं वळले. "न्हाई जमलं तर जतची एसटी हायच."

मी व्हिडिओ बघून शिकलो. सुभेदारांचा हात पुठ्ठ्यावर ठेवून पेन फिरवलं आणि अंगठा, करंगळी पोचेल तिथं बटणं आखली. असल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. सगळे स्विच एका भोकं पाडलेल्या पत्र्यात बसतात, त्याला प्लेट म्हणतात. स्विचची बारकी कडी पत्र्याच्या काठाला अडकते, म्हणून पत्रा दीड मिलीमीटर जाडीचाच लागतो. तसं ड्रॉइंग मामांना पाठवलं.

प्लेट आणायला गेलो, तर ती हाताला विटेसारखी जड लागली.

"मामा, ही पाच मिलीची हाय!"

"मग? तू दीड लिवलंवतं. म्हटलं, पोरगं चुकलं. दीड मिलीत ट्रॉलीचं फाळकं तरी टिकतंय का?"

"आवं, ह्यात ऊस न्हाई भरायचा!"

"मग सांगायचं नव्हं आधी!"

सुभेदार सकाळी येणार होते. दुसरा पत्रा शिल्लक नव्हता. मला एसटी स्टँड दिसायला लागला. मामांनी एक स्विच भोकात टाकला. प्लेट उलटी केली तर तो खाली पडला.

"ह्येला काठ बारीक पायजे. रडू नगं गड्या, धर ती प्लेट."

त्यांनी हँड ग्राइंडर घेतला आणि खालच्या बाजूनं एकेका भोकाचा काठ घासून पातळ केला. स्विच टक्कन बसला. मग सगळीच भोकं. प्लेट मी धरलेली, शिव्या ते देत होते. नंतर दुकानात बसून वायरी सोल्डर केल्या.

सकाळी सुभेदारांनी टायपिंग केलं म्हणजे टेबलच बडवलं.

"साधा कीबोर्ड माझ्या दणक्यानं टेबलभर पळायचा," ते म्हणाले. "ह्यो जाग्यावरनं हलत न्हाई. वजन मुद्दाम ठिवलंय व्हय?"

"व्हय तर! आमची खास डिझाइन हाय," अण्णा म्हणाले. मी चपलांकडं बघत राहिलो. त्यानंतर दुकानात जतच्या एसटीचा विषय निघाला नाही.

शिकलो एवढंच. नुसतं माप लिहून भागत नाही, ते कशासाठी आहे हेही सांगावं लागतं.

मामांच्या मशीनचा कीबोर्ड तेलानं माखलाय. एंटर दाबायला ते स्क्रूड्रायव्हर वापरतात. एक दिवस त्यांना माझ्या हातचा कीबोर्ड देणार, हे नक्की. पत्रा मात्र दुसरीकडं कापून आणीन.