अमोनियाचा सपाट रेणू

माझ्या पोटात काही राहत नाही, असं घरचे सगळे म्हणतात. हे एवढं मात्र राहिलंय. नवऱ्याला माहीत नाही, सांगलीला आईला माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगतानाही भीती वाटतेय.

भीती कसली म्हणाल, तर एका मुलीची. सिमरन तिचं नाव. मुलगी कसली, आता चांगली मोठी बाई झाली असेल. चंडीगडच्या सुखना लेकवर फिरताना समोरून कुणी उंच, घट्ट वेणी घातलेली आली की मी वाट बदलते. नवरा विचारतो, तुला मधेच होतं तरी काय? काय सांगणार त्याला?

लग्न होऊन चंडीगडला आले. नवरा मोहालीत कंपनीत, आणि मला एका शाळेत अकरावीला केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली — कच्ची. वर्ष संपताना पक्की करणार होते. माझं हिंदी तेव्हा असलं की मुलं तोंड लपवून हसायची. निदान फळ्यावर तरी चुकायचं नाही, असं मी ठरवून टाकलेलं. आणि तिथंच चुकले. अणू आपापसात इलेक्ट्रॉन वाटून घेतात, त्यातून बंध तयार होतो, इथवर ठीक शिकवलं. मग रेणूंचे आकार काढताना अमोनिया सपाट काढला — मधे नायट्रोजन, भोवती तीन हायड्रोजन, सगळं पोळीसारखं. बोरॉनच्या एका संयुगाचा आकार मी अमोनियाला चिकटवला होता. सिमरनने हात वर केला. "मॅम, और लोन पेअर?" मी म्हटलं, बैठ जाओ.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं. नायट्रोजनकडे दोन इलेक्ट्रॉन उरतात, कुणाशीच न वाटलेले — तीच ती लोन पेअर. चित्रात बरेचदा ते कुणी काढतही नाही, पण ते वरून रेटतात, म्हणून तिन्ही हायड्रोजन खाली झुकतात. दुसऱ्या दिवशी वर्गात 'काल माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. जीभच रेटेना. आज सांगू, उद्या सांगू — तोवर शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं.

माझ्या वर्गाकडे रेणूंची मॉडेलं होती. अमोनिया सिमरनने केला. क्लेचा, काड्या लावून, तीन पायांवर उभा, आणि माथ्यावर पिवळ्या क्लेचा टपोरा गोळा — ते उरलेले दोन इलेक्ट्रॉन. फार छान केला होता. बघून माझं धाबं दणाणलं. सगळ्या वर्गाच्या वह्यांत माझी सपाट आकृती, आणि टेबलावर हा. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं असतं, यातलं खरं कुठलं, तर?

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मुलं लॅबमधून घरी गेल्यावर मी तो पिवळा गोळा उपटला. मग तळव्याने दाबून रेणू सपाट केला. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी थांबले. अमोनिया फ्लॅट कसा, म्हणाले. सिमरनने मॉडेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. तिने तोंड उघडलं असतं तर मी संपलेच होते. म्हणून तिच्या आधी मीच बोलले — "सर, इसे कितनी बार समझाया."

ती म्हणाली, "सॉरी सर." एवढंच. वर्षभर मी तिच्या तोंडातून दुसरं काहीतरी निघायची वाट बघत वर्गात जायचे. ती बोलली नाही. हातही वर केला नाही पुन्हा.

वर्ष संपताना तिची आई भेटायला आली. सिमरन सायन्स सोडून कॉमर्स घेतेय, म्हणाली. "कहती है, मुझे कुछ नहीं आता. आप समझाइए ना, मॅडमजी." त्या बाईने माझा हात धरला होता. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का? मी म्हटलं, सायन्स सबके बस का नहीं होता जी. माझी नोकरी पक्की झाली.

आता माझी लेक रेवा अकरावीला आहे. मराठी कळतं तिला, बोलते हिंदीत. गेल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर क्ले पसरून बसली होती. अमोनियाच. मी स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. तिनेच हाक मारली. नायट्रोजनवर गोळा बसवून माझ्याकडे बघत होती. "मम्मा, ठीक है ना?"

ठीक आहे, म्हटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या त्या संध्याकाळी लॅबमधून निघताना सिमरननेही हेच विचारलं होतं. तिलाही मी हेच सांगितलं होतं — ठीक है, घर जाओ. ती हसून गेली. मग मी आतून कडी लावली.