प्रसूती कक्ष दाखवायचा राहिला

गांगुर्डे मॅडम गेल्याचं ऋतुजाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सायखेड्यात एका जुन्या पिकअपचा सौदा करत होतो. "पप्पा, मॅडम वारल्या." खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही. भीती वाटली. आता माझ्या पोरीला कोण सांभाळणार?

मॅडम नाशिकला नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या, ऋतुजा त्यांची विद्यार्थिनी. वॉर्डात बाकीच्या मुली पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणायच्या, घाई असली तर कालचाच आकडा लिहायच्या. ही प्रत्येकाची पूर्ण मिनिटभर मोजणार. मध्ये कोणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून. मग उशीर, सगळ्यांसमोर बोलणी, आणि हॉस्टेलवर जाऊन नखांजवळची कातडी सोलत बसणं. मी फोनवर खेकसायचो, "अंदाजे लिही की! मी इंजिनाच्या आवाजावर गाडीचा भाव सांगतो."

मॅडमनी मला न विचारता तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. कळल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन आवाज चढवला. "पोरीला वेडी ठरवता? उद्या लग्न कोण करील तिच्याशी?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "बसा भाऊ. वेडी कोण म्हणालं? डॉक्टर म्हणतात, तिला ऑटिझम आहे. गोंगाट तिला सोसत नाही, एकदम चार कामं सांगितली की ती गोठते. पण ती खोटा आकडा लिहीत नाही. मला अशीच नर्स हवी."

मी बसलो नाही. न विचारल्याचा राग आजही आहे, लपवत नाही. पण त्या दिवसापासून तिला कामं एकेक करून, कागदावर मिळू लागली. एका म्हातारीच्या नाडीचे ठोके मध्येच चुकतात, हे तिनेच पकडलं. मॅडमचा फोन आला, "काय भाऊ, लिहायचं होतं का अंदाजे?" मी "बरं, बरं" म्हणून ठेवला. आभार राहिले...

मेंदूत रक्तस्राव होऊन त्या एका दिवसात गेल्या. पुढच्या महिन्यात ऋतुजाची ड्यूटी प्रसूती कक्षात आहे. तिथल्या किंकाळ्या, धावपळ. "पप्पा, मी तिथे गोठले आणि बाळाला काही झालं तर?" असं विचारते, आणि फोन बंद करते. मग दिवसभर उचलत नाही.

परवा मी मॅडमच्या खोलीत गेलो, पोरीला तिथेही तसंच सांभाळून घ्या म्हटलं. त्यांच्या जागी आलेल्या बाई म्हणाल्या, "एकीसाठी वेगळे नियम कसे करणार?" माझं डोकं तापलं, तेवढ्यात टेबलाच्या काचेखाली मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली. 'ऋतुजाला कक्ष रिकामा असताना आधी दाखवणे. पहिले आठ दिवस मी सोबत.'

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. बाईंनी वाचली, दोनदा वाचली. म्हणाल्या, "बघू."

'बघू' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, एवढं मला धंद्याने शिकवलंय. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "बघा. मी थांबतो."