दमयंतीकाकूंच्या प्रदक्षिणा

पुणतांब्यात दत्तोपंत मास्तरांच्या घरी एखादे वेळी साखर नसे, लढाईचे दिवस होते, पण निमित्तांना तोटा नव्हता. मास्तरांच्या पत्नी दमयंतीकाकू एके काळी गोदावरीवरून भरल्या कळशा घेऊन घाट चढणाऱ्या. त्या वर्षी वैशाखात त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. कोपरगावचे डॉक्टर बजावून गेले, "औषधाचं काम संपलं. आता रोज चालायचं. नाही चाललात तर गुडघे धरतील आणि उरलेला जन्म खाटेवर जाईल."

हे सगळ्यांत जास्त लागलं ते सुनेला, इंदूला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, नगरला व्हायचं, सातव्यात जायचं ठरलेलं. पण सासू खाटेवर असताना सून कोणत्या तोंडाने माहेरी जाणार? नवरा शामकांत नोकरीपायी मनमाडला, मास्तर दिवसभर शाळेत. काकूंना उठवायला-बसवायला ती एकटीच. इंदूचं माहेरी जाणं आता सासूच्या पायांवर अवलंबून होतं आणि ते पाय हलायला तयार नव्हते.

"सासूबाई, ओटीपर्यंत तरी चला," इंदू म्हणायची.

"आज अमावास्या आहे गं. अमावास्येला नवं काही सुरू करू नये."

अमावास्या सरली की वारा सुटलेला असे, आणि तापातून उठलेल्या माणसाला वारं बाधतं. चतुर्थीला उपास म्हणून त्राण नाही, उपास सुटला की पोट जड. या सगळ्यांवर कडी म्हणजे लोक! "बाईमाणसानं उगाच येरझारा घालायच्या? मास्तरांच्या बायकोला भ्रम झाला म्हणतील."

मास्तर वैतागून म्हणत, "लोक मुहूर्त शोधायला पंचांग उघडतात, ही निमित्त शोधायला उघडते."

शेवटी तोड त्यांनीच काढली. आषाढी एकादशीला ते म्हणाले, "नुसतं चालायची लाज वाटते ना? मग चातुर्मासाचा नेम धर. समोरच्या महादेवाला रोज प्रदक्षिणा घालायच्या." नेमाला नाही म्हणायची काकूंची प्राज्ञा नव्हती. त्यांनी पळीभर पाणी सोडून संकल्प केला. इंदूला वाटलं, सुटले.

कसचं काय! पहिल्याच दिवशी काठी टेकत, इंदूच्या खांद्यावर भार टाकत काकू देवळाच्या बाजूच्या पन्हाळीपर्यंत गेल्या आणि तिथेच बसल्या.

"झाली. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असते."

"अहो, अर्धी म्हणजे अभिषेकाच्या पाण्याची पन्हाळ ओलांडायची नाही. आल्या वाटेनं परत फिरायचं असतं."

"ते धडधाकटांना," काकू म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांनी शास्त्रच काढलं. "नेम मोडायचा नाही. पण अडचणीच्या दिवसांत आपण दुसऱ्याकडून चालवून घेतोच की नाही? तू घाल माझ्या नावाने. पुण्य मला, आशीर्वाद तुला."

आषाढ गेला, श्रावण लागला. इंदू रोज सासूच्या नावाने फिरत होती आणि काकू ओटीवर जपमाळ घेऊन बघत होत्या. इकडे सुनेचे घोटे सुजायला लागले, तिकडे सासूचे गुडघे धरायला लागले. भांडी घासायला येणाऱ्या राहीबाईला राहवेना. "वैनी, औषिद तुमी पेता आन् बरं व्हायचं काकूंनी! आसं कुटं आसतंय व्हय?" इंदू हसली, आणि मग चुलीपुढे बसून रडली.

श्रावणी सोमवार होता. इंदूच्या पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन. पन्हाळीपाशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरायला गेली ती घसरून खालीच बसली आणि कलंडली.

ओटीवरून काकूंनी ते पाहिलं. त्यांनी हाका मारल्या, पण मास्तर शाळेत होते आणि राहीबाई नदीवर गेलेली.

इंदूने डोळे उघडले तेव्हा तिच्या कपाळावर पाण्याचा हात फिरत होता. काकू! जवळ काठी नव्हती. लुगडं चिखलाने भरलेलं, दोन्ही कोपरं सोललेली. म्हणजे या वाटेत पडल्या होत्या, आणि उठल्याही होत्या.

"सासूबाई, तुम्ही चालत आलात?"

काकूंनी पदराने तिचं तोंड पुसलं. "दोन जिवांची बाई तू, आणि मी तुला माझ्या नेमाला जुंपली. माझी मेलीची अक्कल कुठे गेली होती?" मग भिंतीला धरून त्या उठल्या. "बस तू. नेम माझा आहे." आणि तिच्या देखत, एकेक पाऊल ओढत, ओठ आवळून त्यांनी राहिलेली प्रदक्षिणा पुरी केली. ती मात्र आल्या वाटेनं परत फिरून, अगदी शास्त्राप्रमाणे.

एका दिवसाचं शौर्य कुणालाही जमतं. इंदू थक्क झाली ती त्यानंतरचे दिवस पाहून. निमित्तं काही काकूंना सोडून गेली नव्हती. रोज पहाटे त्यांच्या जिभेवर एक तरी यायचंच. "आज पाऊस फार आहे गं," म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता पाय खाटेखाली सोडायच्या. "आज गुडघा ठणकतोय," म्हणत काठी हातात घ्यायच्या. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, तर काकू पाहुण्यांनाच बरोबर घेऊन गेल्या. पितृपक्षातल्या अमावास्येला इंदू मुद्दाम काही बोलली नाही. काकूंनी पंचांगाकडे पाहिलं, कण्हल्या, आणि गेल्या. हीच का ती बाई, असं इंदूला वाटे. तोंड कुरकुरत असतं आणि पाय चालत असतात, अशी जिद्द तिने जन्मात पाहिली नव्हती.

दसरा झाला आणि भाऊ न्यायला आला. गाडीवान आसारामने बैलगाडी जुंपली, इंदू आत बसली. काकू मात्र गाडीच्या चाकाशेजारून चालू लागल्या.

"काकू, ठेसन लई लांब हाय. बसा की गाडीत," आसाराम म्हणाला.

"तू बैलांकडे बघ," काकू म्हणाल्या.

घराघरांतून बायका दारात आल्या. मास्तरांची बायको येरझारा घालते म्हणून हसायला टपलेलं गाव नुसतं बघत राहिलं. मध्ये दोनदा काकू दगडावर टेकल्या, पुन्हा उठल्या. गाडीतून इंदूची नजर त्यांच्यावरून हटत नव्हती.

फलाटावर ती पाया पडायला वाकली. सणावाराला ती कितीदा तरी वाकली होती, रीत म्हणून. आज डोकं टेकलं ते तिला उचलवेना. धुळीने माखलेले ते पाय थरथरत होते, पण आपल्या बळावर उभे होते.

"ऊठ गं, गाडी सुटेल," काकू म्हणाल्या. "निवांत बाळंत हो. माझं मी उठते-बसते आता."