उपासाचा रंग

मार्तंडगुरुजींना इंग्रजी येतं की नाही, याबद्दल तुळजापुरात दोनच माणसांना शंका होती. एक त्यांची बायको वनमाला आणि दुसरे खुद्द गुरुजी. निजामाच्या अमदानीत त्यांनी पोरांना उर्दूतून भूगोल शिकवला होता. संस्थान विलीन झालं, उर्दूची सद्दी संपली आणि चाळिशी उलटलेल्या गुरुजींच्या गळ्यात इंग्रजीचा तास पडला. मग त्यांनी एक जुना इंग्रजी-उर्दू कोश पैदा केला आणि पोरांच्या एक धडा पुढं राहून वेळ निभावून नेली. गल्लीत कुणी औषधाची बाटली आणो की कंदिलाचं खोकं, वरच्या अक्षरांचा अर्थ गुरुजी ठोकून द्यायचे. अर्थ चुकला तरी खोकला आपला आपण बरा व्हायचा.

एकदा नवरात्र तोंडावर आलेलं असताना इरम्मा डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली. एरवी ती दारोदार हातमागाची इरकली लुगडी विकायची. या खेपेला तिनं गिरणीची लुगडी आणली होती आणि प्रत्येकावर इंग्रजी शिक्का होता.

“गुरुजी, ह्ये काय लिवलंय वो? बाया इचारत्यात, मला सांगता येईना.”

शिक्का होता ‘फास्ट कलर’. कलर म्हणजे रंग, एवढं गुरुजींना येत होतं. फास्टसाठी त्यांनी कोश उघडला आणि पहिल्याच अर्थावर बोट ठेवलं : रोजा. त्याच्या पुढं वाचायची त्यांना सवयच नव्हती.

“रोजा म्हणजे आपला उपास. उपासाचा रंग आहे हा, इरम्मा!”

नवरात्र धरणाऱ्या गावात आणखी काय पाहिजे? उपासाचं लुगडं म्हणताच बायकांची झुंबड उडाली आणि बघता बघता गाठोडं रिकामं झालं.

मग त्यातलंच एक लुगडं घेतलेल्या शेजारच्या अनसूयाबाईंचा भाचा कॉलेजातून सुट्टीला आला. शिक्का वाचून तो पोट धरून हसला. “मावशी, फास्ट म्हणजे जलद. रंग जलद जायचा ह्याचा!”

इरम्मा नवं गाठोडं घेऊन आली तशी अनसूयाबाईंनी तिला भर रस्त्यात गाठलं. खरं-खोटं करायला सगळ्या बायका तिला घेऊन गुरुजींच्या ओट्यावर आल्या. गुरुजींनी कोश उघडला आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द शेवटपर्यंत वाचला. जलद होतंच. पण त्याखाली होतं : मजबूत, पक्का. मूळ अर्थ म्हणे तोच. पक्का नेम धरून अन्न सोडलं तो उपास आणि जोर धरून पळालं ते जलद. आपणही कडकडीत उपास म्हणतोच की! गुरुजींना पोरासारखा आनंद झाला.

“पक्का रंग! बादली आणा!” ते ओरडले.

वनमालानं बादलीत सोडा टाकला. अनसूयाबाईंचं लुगडं त्यात घुसळून निघालं, पण पाण्याला रंगाचा थेंब लागला नाही.

तरी अनसूयाबाई हटेनात. “मग उपासाचं काय? देवीच्या नावावर खोटं बोलून विकलंस न्हवं? ह्या गल्लीत पुन्हा पाय ठेवू नकोस.”

इरम्मा मान खाली घालून उभी राहिली. आतापर्यंत तिनं गुरुजींचं नाव घेतलं नव्हतं, आत्ताही घेतलं नाही. गप्प बसले असते तर गुरुजींचं नाक शाबूत राहिलं असतं आणि तिची हक्काची घरं तुटली असती. गुरुजींना स्वतःची लाज वाटली.

“उपास मीच सांगितला तिला,” ते म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं.”

वनमालानं पदर तोंडाला लावला, तो रडू लपवायला नक्कीच नव्हे.

“अगं बाई!” अनसूयाबाई म्हणाल्या. “मग इतकी वर्षं आमच्या पोरांना शिकवलंत तरी काय?”

इरम्मानं गाठोडं उचलून डोक्यावर ठेवलं. “शिकवू द्या की वो, बाई,” ती म्हणाली. “आता चुकलं तर आपल्या तोंडानं सांगतील तरी.”