हिऱ्यातल्या दोषाचं गाऱ्हाणं

शेवंतीचा मुलगा दत्तप्रसाद पुण्याला प्रयोगशाळेत हिऱ्यावर काम करतो, हे कट्टा गावच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. शेवंती तिथेच मासे विकते, मग गुपित राहतंय काय! बांगडे निवडता निवडता बायका विचारायच्या, "झिलान हिरो धाडल्यान काय गो?" ती नुसती हसायची. दत्तप्रसादनेही कधी खुलासा केला नाही. उलट पुण्यात चहाच्या टपरीवर तो हा किस्सा आईच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट सांगायचा. पोरं हसून लोळायची.

दिवाळीत तो घरी आला, तशी आईने त्याला थेट देवळात उभा केला. एकदा फोनवर तो घाईत म्हणाला होता, "आई, ठेव आता, हिऱ्यातलो दोष बघतंय." तिने ठरवलं, पोराच्या हातून कुणाचा तरी हिरा बिघडला.

गावाच्या वतीने देवाला साकडं घालणाऱ्या धोंडूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज असा, की पिंपळावरचे कावळे उडाले.

"बा देवा रवळनाथा! ह्या शेवंतीच्या झिलाच्या हिऱ्यात जो काय दोष इलो आसात, तो मुळासकट काढून टाक रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. शेवंती सगळ्यांच्या वर.

ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्या दत्तप्रसादकडे काका वळले.

"व्हय म्हण रे! शिकलंस म्हणान लाज वाटता?"

"काका, दोष काढू नको. तो गेलो तर माझा कामच गेला."

देऊळ खो खो हसलं. घाम पुसत त्याने सांगितलं. तांदळाच्या कणीएवढा हिरा. त्यातला कार्बनचा एक अणू गायब, शेजारी दुसऱ्याच्या जागी नायट्रोजन बसलेला. हाच दोष. हिरवा लेझर टाकला की तो लाल उजळतो. हिऱ्यावर औषधाचे मोजके रेणू ठेवले, की त्यांतल्या अणूंच्या इवल्याशा चुंबकपणाने तो उजेड किंचित बदलतो. त्या बदलावरून रेणूत काय दडलंय ते ओळखायचं.

"मगे हिरो तुझो न्हय?"

"नाय काका. संस्थेचो."

पुन्हा हशा. शेवंती हसली नाही.

"ह्या इतक्या सोप्या करून तुका सांगूक येय होता?"

"व्हय."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

उत्तर टपरीवरच्या हशात होतं, पण ते देवळात सांगण्याजोगं नव्हतं. कुठेच सांगण्याजोगं नव्हतं.

धोंडूकाकांनी घसा खाकरला. "बरा शेवंते, गाऱ्हाणा बदलतंय. काय मागू सांग."

"माका खंय ठावक काका, माझ्या झिलाक काय व्हया ता? त्याकाच इचारा."

तिने हातातला नारळ त्याच्याकडे दिला आणि बायकांच्या मागे, खांबाआड जाऊन उभी राहिली. काका वाट बघत होते. दत्तप्रसादला मान वर करवेना.